चित्रशाळेची उघडी दारे

चित्रकलेविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जो आदर आढळतो, तो बहुधा दुरून केलेल्या नमस्कारासारखा असतो. प्रदर्शनाच्या दालनात मंडळी जातात, चौकटीत बसविलेल्या चित्रांपुढे क्षणभर उभी राहतात, खाली लिहिलेले नाव व किंमत वाचतात, आणि ‘छान आहे’ असे म्हणून पुढच्या चित्राकडे वळतात. ते चित्र कसे जन्मास आले, कोणती रेषा किती वेळा पुसली गेली, कोणता रंग आधी लागला व कोणता मागाहून, याची त्यांस यत्किंचितही कल्पना नसते. सिद्ध झालेली कृती तेवढी समाजापुढे येते. तिची साधना बंद दाराआड राहते. ही दारे वर्षातून काही दिवस तरी उघडावीत, कलावंतांनी आपल्या सामाईक चित्रशाळांत लोकांना बोलवावे, अशी प्रथा जगात ठिकठिकाणी रूढ झाली आहे. महाराष्ट्राला, आणि विशेषतः कोल्हापूरच्या प्रदेशाला, ती कितपत मानवेल याचा विचार करण्याजोगा आहे.

हा विचार शहरापासून नव्हे, तर नेसरीसारख्या गावापासून सुरू करणे अधिक योग्य. गडहिंग्लजहून चंदगडच्या वाटेवर लागणारे हे गाव महाराष्ट्राच्या इतिहासात अजरामर झाले आहे. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर येथेच तुटून पडले व सातही वीर धारातीर्थी पडले. नेसरीच्या खिंडीतले स्मारक पाहावयास दूरदूरचे लोक येतात. गावातल्या पोरालाही तो प्रसंग तोंडपाठ असतो. सात घोडेस्वारांचा देखावा डोळे मिटताच त्याच्यापुढे उभा राहतो. चित्राचा याहून जिवंत विषय कोणता असावा? पण त्याच मुलाला विचारावे की, भरधाव सुटलेल्या घोड्याचे चारी पाय कागदावर कसे उतरवितात, मातीचा स्वार उभा करताना त्याच्या पोटात आधाराला काय घालतात, तर तो निरुत्तर होईल. विषय त्याच्या रक्तात आहे; परंतु कसब त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही.

पूर्वी मात्र असे नव्हते. गावगाड्यातला कारागीर उघड्यावर काम करी. सुताराचा नेट गावाच्या तोंडाशी, लोहाराचा भाता झाडाखाली, आणि कुंभाराचे चाक त्याच्याच अंगणात. जाणारायेणारा तेथे घटकाभर टेके, चार गोष्टी बोले आणि बोलता बोलता लाकूड कोणत्या अंगाने तासावे हे पाहून घेई. ही रीत आजही सर्वस्वी लोपलेली नाही. गणेशचतुर्थीच्या आधी महिना-दीड महिना कोल्हापुरातल्या कुंभार गल्लीत संध्याकाळी फेरी मारावी. मूर्ती पसंत करण्याच्या निमित्ताने घरची सगळी मंडळी तेथे जमलेली असतात. मुले उंबऱ्यावर बसून शाडूचा गोळा साच्यातून निघताना, त्याचे सांधे बुजविले जाताना, सोंडेला वळण मिळताना बघत असतात. डोळ्यांची आखणी सुरू झाली की गलका आपोआप थांबतो. कारण त्या दोन रेषांवर मूर्तीचे सारे तेज अवलंबून आहे, हे त्या लहानांनाही न सांगता कळलेले असते. कोणाही समीक्षकाचे व्याख्यान न ऐकता कोल्हापूरचा मनुष्य मूर्तीतले बरेवाईट ओळखतो, त्याचे मूळ या उंबऱ्यावरच्या शिक्षणात आहे.

कोल्हापूरच्या जीवनात याहूनही बोलके असे दुसरे उदाहरण आहे. ते म्हणजे कुस्तीचे. शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे मैदान 1912 साली पुरे झाले. हजारो लोक त्या दगडी पायऱ्यांवर बसून कुस्ती पाहतात, आणि डाव पडण्यापूर्वीच तो कोणता पडणार हे ओळखून हुंकार देतात. एवढी जाणकारी या प्रेक्षकांत कोठून आली? ती मैदानात आली नाही; ती पेठापेठांतल्या तालमींत आली. तालमीचे दार उघडे असते. लाल मातीत जोर चाललेले, वस्ताद चुकलेला पवित्रा सुधारून देत असलेले, पुन्हा पुन्हा तीच पकड घटवून घेतली जात असलेली, हे सर्व गल्लीतले पोर दाराशी उभे राहून पाहते. पुढे ते स्वतः पैलवान झाले नाही, तरी उत्तम प्रेक्षक होते. मैदान आणि तालीम यांचा हा जो संबंध, तोच प्रदर्शनाचे दालन आणि चित्रशाळा यांचा असावयास हवा. चित्रकलेला आपल्याकडे मैदाने मिळाली, पण तालमींची दारे बंद राहिली; मग जाणकार प्रेक्षक नाही म्हणून कष्टी होण्यात काय अर्थ आहे?

दारे बंद कशी झाली, याची कथा फार जुनी नाही. 1857 साली मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. तिच्यातून तयार झालेला चित्रकार हा कारागिराहून वेगळा, पाश्चात्य पद्धतीचा ‘आर्टिस्ट’ होता. त्याला उत्तरेचा स्थिर प्रकाश हवा होता, समोर बसलेल्या माणसाचे तासन्‌तास निरीक्षण करावयाचे होते, आणि त्यासाठी एकांत हवा होता. ही गरज खोटी नव्हती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान याच शाळेत शिकून आपल्या गावी परतले. दरबारचा आश्रय असूनही ते कोटितीर्थाच्या परिसरात विरक्ताप्रमाणे राहिले, आणि तळ्याच्या पाण्यावरचा बदलता उजेड टिपीत राहिले. 1931 साली ते गेले. आज ज्यांची चित्रे कोल्हापूरचे भूषण मानली जातात, त्यांना काम करताना पाहणारे डोळे त्यांच्या हयातीत किती थोडे असतील!

पण त्याच कोल्हापुरात त्याच काळी एक वेगळी रीत चालू होती. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, व त्यामुळेच ‘पेंटर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. रंगभूमीचा पडदा ही काही एकट्याने कोपऱ्यात बसून करावयाची वस्तू नव्हे. त्याला प्रशस्त जागा लागते, रंग कालविणारे हात लागतात, कोणी शिडी धरावी लागते, कोणी दुरून पाहून छाया चुकली हे सांगावे लागते. तेव्हा या भावांचे काम आपोआपच सामाईक झाले. दामले आणि फत्तेलाल ही पुढे प्रसिद्धीस आलेली जोडी याच सहवासात तयार झाली. 1916 साली आनंदराव अकाली वारले. परंतु चित्रपट काढण्याचे त्यांचे स्वप्न बाबूरावांनी सोडले नाही. छायालेखनाचे यंत्र त्यांनी येथेच खटपट करून घडविले. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली लोकांपुढे आला. या कंपनीत नट, सुतार, रंगारी असा भेद फारसा नव्हता, व्ही. शांताराम यांच्यासारखा तरुण तेथे पडेल ते काम करीत शिकला. 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आदी मंडळींनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली, तिच्या मुळाशी ही एका छपराखालची विद्या होती. एका चित्रकाराची खोली बंद असती, तर हा वंशविस्तार झाला असता काय?

चित्र उघड्यावर काढले गेल्याने एखाद्याचे आयुष्य कसे पालटते, याचा एक प्रसिद्ध दाखला अलिबागजवळच्या सासवणे गावाचा आहे. विनायकराव करमरकर यांचा जन्म तेथे 1891 साली झाला. लहानपणी त्यांनी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले होते. कुलाब्याचे कलेक्टर ओटो रॉथफील्ड फिरतीवर आले असता त्यांच्या ते दृष्टीस पडले. हे कोणी काढले, अशी चौकशी त्यांनी केली, आणि त्या मुलाला मुंबईच्या कलाशाळेत पाठविण्याची तजवीज केली. त्याच मुलाने पुढे पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविला. 1928 साली त्याचे अनावरण झाले. चित्र वहीच्या पानात मिटलेले असते, तर कलेक्टरसाहेबांची फेरी तशीच निघून गेली असती. करमरकरांनी हे ऋण एका अर्थी फेडले असेच म्हणावे लागेल. सासवण्यास त्यांचे राहते घर आज संग्रहालयाच्या रूपाने लोकांना खुले आहे. तेथल्या अंगणातली म्हैस पाहून खरीखुरी म्हैसच बसली आहे की काय, असा भास व्हावा. शेतकरी, कोळीण, घरातली माणसे, मुकी जनावरे, असे आसपासचे सारे जग मूर्तिरूपाने तेथे नांदत आहे. आणि पाहावयास येणारा ज्या रस्त्याने येतो, त्याच रस्त्यावर या मूर्तींचे विषय अजूनही वावरत आहेत.

मुंबईत सामाईक चित्रशाळेचा एक मोठा प्रयोग वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत झाला. समुद्राकाठच्या त्या जुन्या बंगल्यात 1950 नंतरच्या दशकात चित्रकार, शिल्पकार, नट आणि गवई यांना नाममात्र भाड्याने जागा मिळत असे. हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर यांनी तेथे चित्रे रंगविली. इब्राहिम अल्काझींच्या नाट्यशिक्षणाचे वर्ग तेथे चालत. रविशंकर यांचे ‘किन्नर’ हे संगीतविद्यालयही तेथेच होते. एका खोलीत सतारीचा रियाज चाललेला, शेजारच्या खोलीत संवादांची घोकंपट्टी, आणि मधल्या वाटेवर ओल्या रंगाचा वास. अशा ठिकाणी पाहुणा म्हणून गेलेला मनुष्य रिकाम्या हाताने परतत नसे. गायतोंडे हे स्वभावाने अबोल. त्यांच्या चित्रांत ओळखीची आकृती शोधणाऱ्यास काहीच सापडत नसे. परंतु असा चित्रकार एकाच कापडावर रंगाचे थर चढवितो, खरवडतो, पुन्हा चढवितो, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले, त्याला ‘यात काय आहे?’ हा प्रश्न विचारण्याचे धाडस होणे कठीण. हा बंगला पुढे पाडला गेला व त्या जागी उत्तुंग इमारत उभी राहिली. ज्या शहरात हातभर जमिनीस सोन्याचे मोल आले, तेथे नाममात्र भाड्याची चित्रशाळा टिकली नाही, यात नवल ते काय? परंतु ती गेल्यानंतर तशी दुसरी उभी राहिली नाही, ही हळहळ जुन्या कलावंतांच्या बोलण्यात वारंवार येते.

परदेशातही ही रीत गरजेतूनच निघाली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सेंट आइव्हज नावाचे कोळ्यांचे गाव आहे. 1880 नंतर चित्रकारांनी तेथे मुक्काम ठोकला, आणि जाळी व शिडे ठेवण्याच्या माडीवरच्या वखारी भाड्याने घेऊन त्यांच्या चित्रशाळा केल्या. वसंताच्या आरंभी लंडनच्या रॉयल अकॅडमीकडे चित्रे धाडण्याची वेळ येई. धाडण्यापूर्वी एक दिवस सर्व चित्रशाळा गावकऱ्यांना खुल्या होत. ज्या कोळ्याची नाव चित्रात आली, तो स्वतः येऊन दोर कोठे चुकला आहे हे सांगू शके. न्यूयॉर्कमध्ये 1857 च्या सुमारास खास चित्रकारांसाठी एक इमारत बांधली गेली. तिच्यात अनेक चित्रशाळा व मधोमध एक प्रदर्शनाचे दालन होते. फ्रेडरिक चर्च या चित्रकाराने 1859 मध्ये आपले अँडीज पर्वताचे भव्य चित्र तेथे मांडले, तेव्हा अवघ्या तीन आठवड्यांत 12,000 हून अधिक लोकांनी पैसे भरून ते पाहिले. मद्रासजवळ के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली चोळमंडल हे कलाग्राम वसविले. हस्तव्यवसायाच्या वस्तू करून विकावयाच्या, त्या पैशावर पोट भरावयाचे, आणि उरलेल्या वेळी मनाजोगे चित्र काढावयाचे, अशी त्यांची घडी होती. तेथेही येणाऱ्या पाहुण्याला दार बंद नाही.

या प्रथेवर आक्षेप घेतले जातात, व ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप एकाग्रतेचा. चित्र म्हणजे काही जत्रेतला खेळ नव्हे. दहा माणसे मागे उभी राहून कुजबुजू लागली, तर हात अडखळणारच. दुसरा आक्षेप असा की, अपुरी कृती पाहून लोक भलतेच ग्रह करून घेतात. गवई मैफलीत सिद्ध झालेला राग मांडतो, पहाटेचा खर्ज कोणाला ऐकवीत नाही. मग चित्रकारानेच आपली खाडाखोड का दाखवावी? तिसरा आक्षेप व्यवहाराचा. घरी आलेला गृहस्थ ‘दुकानापेक्षा स्वस्तात द्या’ म्हणून घासाघीस करतो, आणि भिडेस्तव कलावंत नुकसान सोसतो. चौथा आक्षेप नकलेचा: नवी कल्पना आज भिंतीला टेकलेली दिसली, तर उद्या तीच दुसऱ्याच्या चित्रात अवतरते.

यांपैकी पहिल्या आक्षेपाचे उत्तर सामाईकपणातच आहे. एकट्या चित्रकाराच्या घरी लोक येणे म्हणजे त्याच्या कामावर संक्रांत; परंतु दहाजणांची एक चित्रशाळा असली, तर आज दोघे लोकांशी बोलतील, बाकीचे आपले काम करतील, आणि उद्या पाळी बदलेल. शिवाय उघडे दार म्हणजे बाराही महिने उघडे दार नव्हे. वर्षाकाठी दोन-तीन दिवस दिले, तर कोणाची साधना भंगेल? व्यवहाराच्या आक्षेपाला उपायही व्यवहाराचाच हवा: किंमत लिहून ठेवावी, ती सर्वांना सारखी असावी, आणि विक्रीचे बोलणे त्या दिवशी कलावंताने स्वतः न करता चित्रशाळेच्या वतीने एकाने करावे. नकलेचे भय तर प्रदर्शनातही आहेच. दोन दिवसांत जो कल्पना चोरून नेईल, त्याला त्या कल्पनेमागची दहा वर्षांची मेहनत नेता येत नाही.

खरा विचार करावयाचा तो दुसऱ्या आक्षेपाचा. कारण त्यात कलावंताच्या अब्रूचा प्रश्न आहे. फसलेले काम परक्याला दाखविणे सोपे नाही. पण येथे तालमीचे उदाहरण पुन्हा आठवावे. शिकाऊ पैलवान रोज दहा वेळा चीत होतो, तो उघड्या दारापुढे. त्यामुळे त्याची अब्रू जात नाही, उलट पुढच्या विजयाचे मोल गल्लीला कळते. चित्राची किंमत ऐकून जो मध्यमवर्गीय गृहस्थ भुवया उंचावतो, तो कागद आणि रंग यांचा हिशेब करीत असतो. टाकून दिलेल्या वीस कच्च्या आराखड्यांचा गठ्ठा त्याला कोणी दाखविलेलाच नसतो. तो गठ्ठा एकदा त्याच्या हाती दिला, की किंमतीविषयीचे निम्मे वाद आपोआप मिटतील.

कोल्हापुरात या दिशेने पाऊल पडलेले आहे, ही समाधानाची गोष्ट. ‘रंगबहार’ ही तेथील कलावंतांची संस्था बाबूराव पेंटर आदी दिवंगत कलावंतांच्या स्मरणार्थ जानेवारीत ‘मैफल रंगसुरांची’ भरवीत आली आहे. टाऊन हॉलच्या बागेत झाडांखाली चित्रकार व शिल्पकार आपापले साहित्य मांडून बसतात, एकीकडे गायनवादन चालू असते, आणि लोक या झाडापासून त्या झाडापर्यंत हिंडत कोऱ्या कागदाचे चित्र होताना पाहतात. मातीच्या गोळ्यातून समोर बसलेल्या माणसाचे नाक-डोळे उमटू लागले की भोवती कोंडाळे पडते. येथे तिकीट नाही, की चौकटीचा दबदबा नाही. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच कलादालन केले. चित्रकथीच्या जुन्या पोथ्या आणि कळसूत्री बाहुल्या ते तेथे स्वतः उलगडून दाखवीत आले. 2021 साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मोठा पैसा, मोठी इमारत यांवाचूनही दार उघडता येते, एवढे या दोन उदाहरणांवरून सिद्ध होते.

मात्र बागेतली मैफल आणि चित्रशाळेतली भेट या दोन गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. बागेत एका बैठकीत पुरे होणारे काम दिसते. चित्रशाळेत महिनोन्‌महिने रेंगाळलेले, अर्ध्यावर सोडलेले, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले कामही दिसते. तेव्हा बागेची सवय झालेल्या समाजाला आता घराच्या आत नेणे हे पुढचे पाऊल होय. आणि ते पाऊल केवळ कोल्हापूर शहरापुरते राहू नये. शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांत कितीतरी जण उत्तम चित्रकार असतात. शाळा सुटल्यावर ते आपापल्या घरी एकेकटे काम करतात. तालुक्याच्या गावी अशा चौघापाचांनी मिळून एक खोली घ्यावी. जवळच्या कुंभाराला, सुताराला, मूर्तिकाराला त्यात सामील करून घ्यावे. आणि वर्षातून दोन दिवस तिचे दार पंचक्रोशीतल्या मुलांसाठी उघडावे. मुलांच्या हाती कोळसा द्यावा, माती द्यावी, आणि मोठ्यांनी त्यांच्या मागे उभे राहून पाहावे.

नेसरीच्या आसपास असे एखादे दार उघडले, तर खिंडीतल्या सात स्वारांची कथा पाठ असलेला तो मुलगा तेथे नक्की येईल. घोड्याचा पाय कागदावर कसा वळतो, हे तो पाहील. घरी जाऊन भिंतीवर स्वतः काढून बघेल. पहिल्या दहा वेळा त्याचा घोडा बैलासारखा दिसेल. त्या दहा घोड्यांना हसण्याऐवजी अकरावा काढण्यास सांगणारा कोणी जवळ असावा, एवढीच सोय समाजाने करावयाची आहे. भिंतीवर चित्र काढणारी मुले आजही गावोगावी आहेत. परंतु फिरतीवर आलेल्या एखाद्या कलेक्टरची वाट पाहत त्यांनी किती दिवस बसावे?